निळ्या बिल्ल्यांचं वजन

वजनाच्या दिवशी सकाळपासून या घरातली माणसं एकमेकांशी इतकी गोड वागत होती, की तिथेच कोणीतरी सावध व्हायला हवं होतं. थोरल्याने कोणी न सांगता वजनकाट्याच्या पत्र्याखालचं वाळकं शेण खरवडून काढलं. त्याची बायको, म्हणजे वहिनी, शाळेतून रजा घेऊन आली आणि बेरजांसाठी एक छोटा फळाही उचलून घेऊन आली. आत्याने थोरल्याच्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, चहात साखर घातली. दादांची साखर बंद होऊन तीन वर्षं झाली होती आणि ती बंद ठेवण्याच्या कामावर ही थोरली बहीण पहारेकऱ्यासारखी बसलेली असायची. त्यामुळे पहिला घोट घेतल्यावर दादांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. आत्या दुसरीकडे बघत होती. दादांना काही उलगडा झाला नाही, पण कप त्यांनी लगेच रिकामा केला.

दादांच्या मुलीच्या, धाकटीच्या, मात्र यातलं काही लक्षात आलं नाही. ती उजाडल्यापासून गाईंच्या मागे होती.

पैज लागली होती चार महिन्यांपूर्वी, कुरण पिवळं पडायला लागलं त्या आठवड्यात. पशुआहाराचं शिक्षण घेऊन आलेल्या धाकटीने जेवता जेवता सांगून टाकलं, की वाळलेल्या गवताने गाईचं पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. त्यात प्रथिनं उरत नाहीत, क्षार कमी पडतात, हिरवा रंग गेला की त्याबरोबर अ जीवनसत्त्वही गेलं. पोटातले जे जंतू गवत पचवतात त्यांनाच उपाशी ठेवलं, तर गाय दिवसभर चरूनही खंगतच जाणार. दादांनी घास चावून संपवला आणि विचारलं, की त्यांच्या आजोबांच्या गाई कोणत्या गोळ्या खायच्या. धाकटी म्हणाली, आजोबांच्या गाई दरवर्षी तीस किलो उतरायच्या, फक्त काटा नव्हता म्हणून ते कोणाला कळायचं नाही. तिथून जे पेटलं ते विझायला दोन दिवस लागले. शेवटी गाईंचे डॉक्टर मध्ये पडले. म्हणाले, भांडू नका, मोजा.

म्हणून चाळीस गाईंचे दोन भाग झाले. वीसजणी वरच्या कुरणात, कानात लाल बिल्ले. वीसजणी खालच्या कुरणात, कानात निळे बिल्ले. मध्ये तारेचं कुंपण. लाल बिल्ल्यांना धाकटीने दर तिसऱ्या दिवशी सरकीची पेंड घालायची, चाटायला क्षारांच्या विटा ठेवायच्या, जीवनसत्त्वांची पूड द्यायची. निळ्या बिल्ल्यांनी आजोबांच्या गाईंसारखं नुसतं गवत खायचं. चार महिन्यांनी लाल बिल्ले वजनात पुढे गेले, तर कळप धाकटीच्या हातात. नाही गेले, तर शहरातल्या पशुखाद्याच्या कारखान्यातून आलेली नोकरी धाकटीने मुकाट्याने धरायची आणि दादांच्या गवताबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही.

कारखान्याला उत्तर द्यायची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती. धाकटीला ती नोकरी नको होती. तिला या गाई हव्या होत्या, हे कुरण हवं होतं, आणि त्याहून जास्त हवं होतं ते दादांच्या तोंडून एकदा तरी 'तुझं बरोबर आहे' हे ऐकायला. सत्तावीस वर्षांत तसं एकदाही झालं नव्हतं. तिचं बरोबर असायचं तेव्हा दादांना हटकून खोकला यायचा.

लाल बिल्ले आधी झाले. एकेक गाय लोखंडी कठड्यांच्या अरुंद बोळातून काट्यावर यायची, डॉक्टर आकडा वाचायचे, वहिनी फळ्यावर आधीच्या वजनाशेजारी नवं वजन लिहायची. आठ किलो चढली, चौदा चढली, नऊ चढली. कोरड्या दिवसांत गाय उतरली नाही हेच खूप, इथे तर सगळ्या थोड्याथोड्या भरल्या होत्या. सरासरी अकरा किलो. ती ऐकून धाकटी उजाडल्यापासून पहिल्यांदा खाली बसून पाणी प्यायली. दादा कठड्याला टेकून उभे होते. ते खोकले.

मग निळे बिल्ले सुरू झाले, आणि वहिनी फळा सोडून रांगेकडे बघायला लागली.

कारण चौथ्या नंबरला मास्तरीण होती. या गाईचं हे नाव थोरल्याने ठेवलं होतं, बायकोच्या सन्मानार्थ म्हणे. पाणी पिण्याआधी ती बाकीच्या सगळ्यांना मागे हटवून उभं करायची. वहिनीने त्याबद्दल आठवडाभर अबोला धरला होता, पण गाईवर राग धरला नव्हता. ती शाळेत जाताना खालच्या कुंपणाशेजारून स्कूटरवरून जायची आणि मास्तरीण तारेपाशी येऊन उभी राहायची. हंबरायची नाही, काही नाही, नुसती बघायची. तिच्या पोटात वासरू होतं. वहिनीलाही दोन मुलं झाली होती आणि पोटात मूल असताना नुसतं वाळलेलं खाऊन राहायला सांगणाऱ्या माणसाला आपण काय केलं असतं, हे तिला नेमकं माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यापासून तिच्या डब्याच्या वरच्या खणात पोळीभाजी आणि खालच्या खणात पेंड असायची.

डॉक्टरांनी वाचलं, चोवीस किलो चढली. वहिनीने खडू इतका दाबला की तो मोडला. आपण आपल्या लाडक्या नणंदेचं वाटोळं केलं, एकटीने केलं, असं तिला वाटलं आणि तिने चोवीसचा आकडा अगदी बारीक अक्षरात लिहिला.

पण पुढचीही बारा चढली. त्यापुढची सतरा. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं, तर तो बोळातलं फाटक ओढायचं सोडून आभाळाकडे बघत होता.

थोरल्याची गोष्ट वेगळी. तो या भांडणात उघडपणे दादांच्या बाजूला होता, कारण थोरला मुलगा म्हणून आपण वडिलांच्या बाजूला असावं असं त्याचं मत होतं. मनातून त्याला धाकटीच जिंकायला हवी होती, कारण ती गेली तर चाळीस गाई त्याच्या गळ्यात पडणार होत्या आणि त्याचा सगळा जीव पंपात, नळात आणि मोटारीत. पण झालं असं, की महिनाभरात निळ्या बिल्ल्यांनी त्याचे नळ खायला सुरुवात केली. खरोखर खायला. पाण्याच्या टाकीपर्यंत त्याने नवा प्लॅस्टिकचा नळ टाकला होता, तो तीन ठिकाणी चावून चोथा केला. फाटकाचं लाकूड चघळलं. एक गाय तर जुनं हाड तोंडात धरून सुपारीसारखी फिरवत होती. थोरला चिडून धाकटीकडे गेला, तर ती सहज म्हणाली, त्यांना फॉस्फरस कमी पडतोय, म्हणून मिळेल ते चावतात. ती आपल्या कामाला लागली. थोरला शहरात जाऊन क्षारांच्या आठ विटा घेऊन आला आणि टाकीच्या आडोशाला ठेवल्या. नळ वाचवायला ठेवल्या, गाईंसाठी नव्हे, असं त्याने स्वतःला बजावलं. नळ वाचले. आता काट्यावर एकेक भरलेली गाय बघताना त्याला दरदरून घाम फुटला. त्याला खात्री होती, की हे सगळं त्याच्या विटांनी झालं.

आणि आत्या? आत्या खुर्चीत बसून स्वतःला शिव्या देत होती. संध्याकाळी अंधूक व्हायला लागलं की निळ्या बिल्ल्यांपैकी तीनचार गाई फाटकावर आपटायच्या, हे तिने गच्चीतून पाहिलं होतं. धाकटीच्या जेवणातल्या भाषणांमधून आत्याने एवढंच लक्षात ठेवलं होतं, की हिरवं मिळालं नाही तर दिसायचं कमी होतं. तिच्या परसात टाकीच्या सांडपाण्यावर एक वाफा लसूणघास होता, सशांसाठी. ससे आता राहिले नव्हते. रोज दुपारी सगळे आडवे झाले की आत्या टोपलीभर घास कापायची आणि कुंपणावरून वाटायची. वीसजणींना थोडंथोडं, कोणी तोंड वाकडं करू नये म्हणून रांगेने. आपल्या घासामुळे पोरगी हरत्येय हे बघून तिला वाटलं, की त्या साखरेचा डबाच दादांच्या हवाली करून आपण कुठेतरी निघून जावं.

वहिनीने बेरीज केली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा करायला लागली तेव्हा डॉक्टरांनी हळूच सांगितलं, की आकडे तेच राहणार आहेत. निळे बिल्ले, सरासरी तेरा किलो.

दादा या वेळी खोकले नाहीत.

धाकटी फळ्यासमोर उभी राहिली. दोन किलोंनी. नुसती हरली असती तर एक गोष्ट, पण तिची पेंड, तिच्या विटा, तिचं शिक्षण, सगळं घालून गाई अकरा चढल्या आणि नुसत्या गवतावर तेरा. तिने खिशातून फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ठरलं तसं करते. कारखान्याला कळवते."

तिने नंबर शोधला, तेवढ्यात वहिनीने खडू खाली ठेवला.

"थांब. मास्तरिणीला मी पेंड घातलीय. रोज. डब्यातून."

हे ऐकून थोरल्याने बायकोकडे अशा कौतुकाने पाहिलं, की तिला वाटलं हा आता टाळ्या वाजवणार. धाकटीने फोन खाली घेतला. तिचं डोकं हळूहळू चालू व्हायला लागलं. एका गाईने काय होतंय, ती म्हणाली. मास्तरीण काढून टाकली तरी बाकीच्यांची सरासरी बारावर राहते. आणि मग तिने फळ्याकडे पुन्हा पाहिलं, या वेळी हरलेल्या मुलीसारखं नाही, तर शिकलेल्या बाईसारखं. खालचं कुरण. वाळलेलं गवत. चार महिने. दरवर्षी तीस किलो उतरणाऱ्या गाई.

"या चढल्याच कशा?" ती म्हणाली. "माझ्याहून जास्त सोडा. मुळात चढल्या कशा?"

डॉक्टर गाईंकडे बघून गालातल्या गालात हसत होते. त्यांना निळ्या बिल्ल्यांची तुकतुकीत कातडी पहिल्या गाईपासून दिसत होती, पण या घरातल्या भांडणात आधी तोंड उघडायचं नाही हे ते अनुभवाने शिकले होते.

मग थोरल्याने नळांची हकिगत सांगितली. सांगताना तो नळाच्या जाडीवर आणि जोडण्यांवर इतका घसरला, की वहिनीला त्याला विटांवर परत आणावं लागलं. त्यानंतर आत्याने खुर्चीतून न उठता लसूणघासाचं कबूल केलं आणि वर धाकटीलाच झापलं, की जेवताना असलं काही सांगत जाऊ नये, माणसाला मग झोप लागत नाही. धाकटीला रडावं की हसावं कळेना. ती कठड्यावर चढून बसली आणि बोटांवर मोजायला लागली. विटांनी क्षार मिळाले. घासाने जीवनसत्त्व मिळालं. ठीक. पण एवढ्याने गाय वजन धरत नाही. घास टोपलीभर, त्याने वीस गाईंचं काय होणार. पोटातल्या जंतूंना रोजचं प्रथिन मिळाल्याशिवाय हे गवत पचत नाही आणि न पचलेल्या गवताने तेरा किलो चढत नाहीत. मास्तरिणीला वहिनीच्या डब्यातून मिळालं. उरल्या एकोणीस.

"एकोणीस गाईंना पेंड कोणी घातली?" तिने विचारलं.

वहिनीने मान हलवली. थोरल्याने हलवली. आत्याने हलवली, आणि मग सावकाश तिचा चेहरा बदलला. ती सत्तर वर्षं ज्या माणसाची मोठी बहीण होती त्या माणसाकडे वळली.

दादा कठड्यावरचा गंज नखाने काढत होते.

जवळजवळ चार महिने ते रोज सकाळी गुडघ्यांसाठी फिरायला जात होते. गुडघ्यांसाठी फिरणारा माणूस जीप घेऊन का जातो, हे या हुशार घरात कोणीही विचारलं नव्हतं. जीपमध्ये मागे गोणपाटाखाली पेंडीचं पोतं असायचं. धाकटीच्या कोठारातलं नाही. ते तिला कळलं असतं. त्यांनी स्वतः दुसऱ्या गावच्या दुकानातून आणलेलं, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पहिल्या दिवशी ते फक्त एका गाईसाठी गेले होते. ती म्हातारी होती, तिचे दात झिजले होते, तिला पैजेत धरायलाच नको होतं असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण एकीला घालताना एकोणीसजणी बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून दोन बादल्या.

आत्याने सगळं ऐकायच्या आधीच भावाला विचारलं, की एवढ्या म्हाताऱ्या वयात त्याला लाज कशी वाटली नाही. दादा धाकटीकडे बघत होते, कारण धाकटीचं हसू गेलं होतं.

"मला हरवायला?" ती म्हणाली. आवाज लहान होता. "मी जावं म्हणून?"

थोरल्यालाही वाटलं, की ही गोष्ट नळांपेक्षा मोठी आहे. दादांनी गंज काढणं थांबवलं. त्यांना बोलायची सवय होती ती हुकूम द्यायची, कौतुक करायची नाही, आणि कबुली द्यायची तर मुळीच नाही. चाळीस गाईंसमोर, मुलासमोर, सुनेसमोर आणि डॉक्टरांसमोर त्यांना हे करावं लागत होतं आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"आठव्या दिवशी मी वर आलो होतो," दादा म्हणाले. "तू नव्हतीस. तुझ्या गाई बघितल्या. रवंथ करत बसल्या होत्या, डोळे मिटून. खाली आलो तर माझ्या उभ्या. मला तेव्हाच कळलं."

"काय कळलं?"

"की तुझं बरोबर आहे." हे वाक्य त्यांनी इतक्या घाईने म्हटलं, की डॉक्टरांना ते नीट ऐकू आलं नाही. "मग ते मला तुला सांगता येईना. आणि गाईंना तसं ठेवताही येईना. म्हटलं सांगणं राहू दे, घालणं तरी करावं. वजनाचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"चार महिन्यांत आलं नाही?"

"आलं," दादा म्हणाले. "पण तोवर त्यांना सवय लागली होती."

वहिनीच्या तोंडून हसू फुटलं आणि मग ते कोणालाच आवरेना. आत्या डोळे पुसत म्हणत होती, की हा माणूस लहानपणीही असाच होता, मांजरीचं पिल्लू नको म्हणायचा आणि शर्टात लपवून झोपायचा. धाकटी हसत नव्हती. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते इतकं वेडंवाकडं मिळालं होतं, की ते कुठे ठेवावं तिला कळेना. तिने बाहीने नाक पुसलं.

डॉक्टरांना मात्र कामाची माणसं भावनेत अडकलेली आवडत नसत. त्यांना पुढच्या गोठ्यात जायचं होतं. त्यांनी विचारलं, की पैज कोण जिंकलं असं लिहायचं. थोरला म्हणाला, आकड्यांनी दादा जिंकले. वहिनी म्हणाली, दादांनी जे घातलं ते धाकटीच्या सांगण्याप्रमाणे घातलं, तेव्हा धाकटीच जिंकली. आत्या म्हणाली, तिचा घास कोणी मोजतच नाहीये. तिघांचं बरंच वाजलं. तेवढ्यात धाकटीच्या हातातला फोन वाजला, कारखान्यातूनच.

धाकटीने फोन कानाला लावला नाही. ती दादांकडे बघत राहिली. या माणसाने एवढं सगळं बोलून टाकलं, पण कळपाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. फोन वाजून वाजून बंद पडला. मग दादा कठड्याचा आधार सोडून तिच्यापाशी आले. त्यांनी घसा साफ केला, पण खोकले नाहीत.

"खालच्यांना उद्या किती घालू?" त्यांनी विचारलं.

थोरल्याने फाटकाची कडी हातातून सोडली. चाळीस वर्षं या कळपाबद्दल दादांनी कोणालाही काही विचारलेलं त्याने ऐकलं नव्हतं. बैल घेताना नाही, विहीर खणताना नाही. आत्यानेही ऐकलं नव्हतं आणि ती तर सगळ्यात आधीपासून ऐकत होती. धाकटीला मात्र उत्तर पाठ होतं.

"दोन किलो एका गाईला. दर तिसऱ्या दिवशी. रोज नाही घालायचं, दादा."

"रोज नको?"

"नको. त्या पोटात पुरवून वापरतात. तुम्ही जास्त घातलंत, म्हणून दोन किलो जास्त भरल्या."

दादांनी मान हलवली. थोडा वेळ ते निळ्या बिल्ल्यांकडे बघत राहिले. त्या बोळातून सुटून पाण्याकडे निघाल्या होत्या आणि त्यातल्या चारपाच जणी मध्येच थांबून जीपकडे बघत होत्या.

"मग मधले दोन दिवस मी काय करू?" ते म्हणाले.

"माझ्याबरोबर वर या," धाकटी म्हणाली. "तिथेही वीसजणी आहेत."

दादा म्हणाले, येतो.